कडब्याच्या पाण्यातली गर्दी आणि शाळेचा मायक्रोस्कोप: घ्यावा की नाही?

विज्ञान साहित्याच्या यादीत ‘कंपाउंड मायक्रोस्कोप, एलईडी, १० पटीचा आयपीस, ४-१०-४०-१०० च्या चार लेन्स’ अशी एक ओळ असते. त्या ओळीतल्या यंत्राची ही पारख आहे. कांद्याचा पापुद्रा किंवा गालाच्या आतल्या पेशी बघायच्या असतील तर कोणताही मायक्रोस्कोप चालतो, त्यासाठी एवढं लिहायची गरज नाही. इथे काम जरा अवघड दिलंय. आपणहून पोहणारे सूक्ष्म कण, म्हणजे आपल्या हाताशी असलेले जिवाणू, भोवती गर्दी वाढली की कुठे अडकतात, कधी गठ्ठा करतात आणि तो गठ्ठा कशाने सुटतो, हे या यंत्रावर दिसतं का? तेही वाशीम-यवतमाळकडच्या खेड्यातल्या शाळेत, जिथे ऐन तासाला लाईन जाते आणि मार्चपासूनच काचेवरचा थेंब बघता बघता सुकतो.

दिसतं. ४०च्या लेन्सवर दिसतं, १००ची तेलाची लेन्स लागत नाही. मात्र यंत्रात तीन गोष्टी असायलाच हव्यात: उजेड कमी-जास्त करणारा, पानापानाचा उघडझाप होणारा आयरिस डायफ्रॅम, काचेखालून उजेड गोळा करणारा, वर-खाली होणारा कंडेन्सर आणि काच स्क्रूवर सरकवणारी मेकॅनिकल स्टेज. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये आयरिसच्या जागी पाच-सहा भोकांची एक चकती असते आणि स्टेजवर दोन स्प्रिंगच्या पट्ट्या. त्यावर पेशी दिसतील, जिवाणूंची गर्दी दिसणार नाही. जिवाणू पारदर्शक असतो. दिवा पूर्ण उघडा ठेवला की तो उजेडात विरघळल्यासारखा होतो. आयरिस हळूहळू मिटत नेली की त्याची कड काळी उठते, आणि ती नेमकी किती मिटायची हे भोकांच्या चकतीवर जमत नाही. बोटाने काच सरकवली तर ४०च्या लेन्सखाली अख्खं दृश्य एका झटक्यात निघून जातं. जो गठ्ठा दोन मिनिटं बघायचा असतो तोच हरवतो.

४०च्या लेन्सवर ०.६५ असा आकडा कोरलेला असतो. तो तिचा एनए, म्हणजे किती तिरपा उजेड ती गोळा करू शकते याचं माप. हिरव्या उजेडात या लेन्सने साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक कळतो. कडब्याच्या पाण्यातले बॅसिलस जिवाणू दोन ते चार मायक्रॉन लांब आणि एक मायक्रॉनहून थोडे बारीक असतात, म्हणजे छोट्या काडीसारखे दिसायला अडचण नाही. त्यांची शेपटी, म्हणजे फ्लॅजेला, या यंत्रावर कधीच दिसणार नाही. विक्रेत्याने दाखवतो म्हटलं तर समजून घ्या. १००ची लेन्स १.२५ची असते आणि तेल मागते. तिचं टोक काचेपासून मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढंच दूर राहतं, त्यामुळे खाली पाण्याचा जाड थर असला की ती वरच्या काचेलाच टेकते. या कामात ती डब्यात राहिली तरी बिघडत नाही.

नमुना. मूठभर ज्वारीचा कडबा बारीक तोडून अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळायचा. उकळण्याचं कारण स्वच्छता नाही. त्यात बाकी जीव मरतात आणि बॅसिलसचे बीजाणू वाचतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पाण्यात बहुतेक तेच वाढतात. गाळून, पातळ फडकं बांधून सावलीत ठेवायचं. तीस-पस्तीस अंशांच्या हवेत अठरा ते चोवीस तासांत पाणी किंचित गढूळ होतं, तीच वेळ. नमुना वरून, पृष्ठभागाच्या जरा खालून घ्यायचा. दोन-तीन दिवसांनी वर साय धरते. ती साय म्हणजे जिवाणूंची जमातच आहे खरी, पण ती चिकटून बसलेली, पोहणं सोडलेली. तिचा तुकडा काचेवर ठेवून ‘बघा, गर्दीत एकत्र आले’ म्हणणं म्हणजे मुलांची फसवणूक. दही वापरायचा मोह होतो तोही टाळा; दह्यातले लॅक्टोबॅसिलस पोहतच नाहीत, नुसते जागच्या जागी थरथरतात. ती थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची असते. पोहणारा कण वेगळा ओळखू येतो, तो एका दिशेने निघतो, वळतो, पुन्हा निघतो. कुटाराचं पाणीही चालतं, पण सोयाबीनच्या कुटारात धूळ फार असते आणि ती दृश्यात जिवाणूंपेक्षा जास्त दिसते.

खोली, म्हणजे काचेवरची पाण्याची जागा, हा या सगळ्यातला कळीचा भाग, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. ड्रॉपरने एक थेंब टाकून वर कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, ठेवली की थेंब जास्त होतो, काच तरंगते, पाणी एका बाजूला वाहत राहतं आणि सगळे जिवाणू रांगेने एकाच दिशेला निघालेले दिसतात. ते पोहणं नाही, तो प्रवाह आहे. उपाय सोपा आहे. स्लाइडवर पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या बारा मिलिमीटर अंतर सोडून लावायच्या आणि त्यावर अठरा मिलिमीटरची कव्हर स्लिप ठेवायची. पट्टी साधारण ५० मायक्रॉन जाड असते, म्हणजे आत मावतं ते जेमतेम ११ मायक्रोलिटर पाणी, एका थेंबाचा चौथा-पाचवा हिस्सा. एवढं मोजायला औषधाच्या दुकानातली लाल टोपणाची ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज उत्तम. तिच्यावरचं एक युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर, तेव्हा अर्ध्या युनिटहून किंचित कमी घ्यायचं. नारिंगी टोपणाची १०० युनिटची मिळाली तर एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, ती अजून सोपी. सुई शिक्षकांनीच हाताळायची. उघड्या दोन बाजू पेट्रोलियम जेलीने बंद करायच्या. नखपॉलिशही चालतं, पण त्याचा वाफारा आत शिरून जिवाणू लंगडे पडतात, आणि मग दोष बिचाऱ्या मायक्रोस्कोपवर येतो. पंखा बंद. सिलिंग फॅनने टेबल हलतं ते डोळ्यांना कळत नाही, ४०च्या लेन्सला बरोबर कळतं.

आता गर्दी करायची. गर्दी दोन जातीची असते आणि दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. एकाच स्लाइडवर दोन्ही कालवल्या की काहीच समजत नाही.

पहिली जात ठोकळ्यांची. जिवाणूंहून मोठे, स्वतः न हलणारे कण मध्ये मांडायचे. यासाठी बेकरीतलं कोरडं यीस्ट सर्वांत सोयीचं, एकेक पेशी पाच-सहा मायक्रॉनची गोल. एक ग्रॅम यीस्ट १० मिली पाण्यात, आणि त्यातलं एक मिली पुन्हा नऊ मिलीत. म्हणजे १० मिलीत ०.१ ग्रॅम झालं. एवढं कमी सरळ मोजायचं तर सोनाराचा काटा लागतो, म्हणून हे दोन टप्पे. ५० मायक्रॉनच्या खोलीत हे यीस्ट काही मिनिटांत तळाला बसतं आणि तळाचा साधारण एक-तृतीयांश भाग झाकतं. निम्मं घेतलं तर एक-षष्ठांश, दुप्पट घेतलं तर दोन-तृतीयांश. कडब्याचं पाणी मिसळताना ते निम्मं होणार, म्हणून यीस्टचं पाणी दुप्पट घट्ट ठेवायचं. जिवंत यीस्ट साखर मिळाली की फसफसतं आणि बुडबुड्यांनी खोली फुटते, म्हणून आधी उकळत्या पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवून ते मारायचं. मारलेलं यीस्ट मात्र आतला रस पाण्यात सोडतं आणि जिवाणू त्या खाण्याच्या वासाने तिकडे झेपावतात. मग वाटतं गर्दीने ओढलं, ओढलेलं असतं जेवणाने. दोनदा धुवून घ्या: बसू द्या, वरचं पाणी ओता, नवीन घाला. हे धुणं टाळलं की अख्खा प्रयोग वाया.

एक-षष्ठांश झाकलेल्या तळावर जिवाणू यीस्टला धडकत, कड धरत निघून जातात. बघण्यासारखं यीस्टकडेच जास्त असतं. मेलेल्या पेशी चक्क इकडेतिकडे ढकलल्या जातात, स्वच्छ पाण्यातल्या थरथरीपेक्षा कितीतरी जास्त. वू आणि लिबशेबर या शास्त्रज्ञांनी २००० साली साबणाच्या पातळ पापुद्र्यात ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जिवाणू आणि काही मायक्रॉनचे मणी सोडून हेच मोजलं होतं. एक-तृतीयांशावर चित्र बदलतं. यीस्टच्या तीन-चार पेशींमध्ये खिसे तयार होतात, काडी त्यात शिरते, तोंड भिंतीला लावून धडपडत राहते, मग वळण घेऊन एकदम निसटते. दोन-तृतीयांशावर खिसे बंदच होतात. एकात दोन, एकात चार अशा काड्या साचतात, आणि लांबून पाहिलं तर तो गठ्ठाच वाटतो. गठ्ठा आहेही, पण एकमेकांच्या ओढीने झालेला नाही, कोंडीने झालेला आहे. हा फरक ४०च्या लेन्सवर स्पष्ट दिसतो आणि या यंत्राला सर्वांत जास्त गुण द्यायचे ते याच जागी.

यात एक गंमत आहे. जिवाणू थांबतो तेव्हा गाडीसारखा घसरत नाही. त्याच्या आकाराला पाणी इतकं चिकट असतं की पोहणं थांबलं की तो एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरात थांबतो. म्हणून खिशात शिरलेल्याला बाहेर पडायला वेग उपयोगी पडत नाही, दिशा बदलावी लागते. जो जास्त वेळा वळतो तो लवकर सुटतो.

ठोकळ्यांच्याच जातीतला दुसरा पर्याय इसबगोल. अर्धा चमचा भुसी अर्ध्या ग्लास उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायची, वीस मिनिटांनी फुगलेले गोळे काडीने मोडायचे. हे गोळे दाबून बसवले की मधल्या फटी वाकड्यातिकड्या, थेट काळ्या मातीतल्या फटींसारख्या होतात. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भट्टाचारजी आणि दत्ता यांनी २०१९ साली अशाच दाट भरलेल्या जेलच्या कणांमध्ये ई. कोलायचा माग काढला. उघड्या पाण्यात सरळ धाव आणि गिरकी अशी चाल असते, ती तिथे उरत नाही. जिवाणू एका फटीत अडकतो, उडी मारतो, पुढच्या फटीत अडकतो. इसबगोलमध्ये ही अडक-उडी ४०च्या लेन्सवर दिसते, मात्र कमी जागी, कारण जेल स्वतःच धूसर असतं. तासाभरात काम उरकायचं. दुसऱ्या दिवशी तेच जिवाणू इसबगोल खाऊन माजलेले असतात.

दुसरी जात लांब दोऱ्यांची, म्हणजे पॉलिमरची. हे कण जिवाणूंपेक्षा फार लहान, दिसत तर मुळीच नाहीत, पण परिणाम मोठा करतात. दोन जिवाणू जवळ आले की मधल्या चिंचोळ्या फटीत दोऱ्याची गुंडाळी मावत नाही. बाहेरून धक्के चालू, आतून धक्के बंद. उरलेला बाहेरचा रेटा त्या दोघांना एकमेकांवर दाबतो. ओढ कुणाची कुणाला नाही, तरी चिकटतात. जपानच्या असाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ साली हा हिशेब मांडला. पण हे झालं गप्प बसलेल्या कणांचं. पोहणाऱ्यांत एक उलटं बळ असतं, ते गठ्ठ्यातून स्वतःला उपटून काढतात. एडिनबरा विद्यापीठाच्या गटाने २०१२ साली दाखवलं की न पोहणाऱ्या ई. कोलायचा ज्या पॉलिमरने गठ्ठा होतो, तोच पोहणाऱ्यांचा करायला जास्त पॉलिमर लागतो. आणि थोड्या जिवाणूंचे लहान गठ्ठे झालेच, तर ते आपोआप एकाच दिशेने गरगर फिरत राहतात. आपल्या टेबलावर बघायचं ते हेच: पोहणं गठ्ठा जोडतं की तोडतं?

पॉलिमर म्हणून डोळे कोरडे पडल्यावर देतात ते कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब घ्यायचे, अर्ध्या टक्क्याचे. तालुक्याच्या कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळतात. मात्र बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्ह काय आहे ते वाचा. जंतू मरावेत म्हणूनच ते घातलेलं असतं आणि आपल्याला जंतू जिवंत हवेत. एकदाच वापरायच्या ०.४ मिलीच्या छोट्या कुप्या प्रिझर्व्हेटिव्हशिवायच्या मिळतात, त्याच आणा. कडब्याचं पाणी आणि थेंब समसमान मिसळले की पाव टक्का होतं. एक टक्क्याचे घट्ट थेंब घेतले तर अर्धा टक्का. या दोन मात्रा पुरतात.

तीन स्लाइड एकदम लावायच्या. एकीवर जिवंत जिवाणू साध्या पाण्यात, दुसरीवर जिवंत जिवाणू पॉलिमरमध्ये, तिसरीवर सत्तर अंशांवर दहा मिनिटं ठेवून मारलेले जिवाणू त्याच पॉलिमरमध्ये. तिसरी नसेल तर पहिल्या दोन्हींचा अर्थ लागत नाही. मेलेल्यांत गठ्ठे जास्त आणि जिवंतांत कमी, तर पोहणं गठ्ठा तोडतंय. दोन्हीकडे सारखेच, तर पॉलिमरचा रेटा पोहण्याला भारी पडला, मात्रा कमी करा. दोन्हीकडे काहीच नाही, तर मात्रा वाढवा. पॉलिमरने पाणी दाट होतं, सगळे हळू चालतात, आणि नुकतं शिकणाऱ्याला हळू चालणं म्हणजेच एकत्र येणं वाटतं. त्यासाठी एक नियम पक्का ठेवा: दोन काड्या एकमेकींना लागून तीन सेकंदांपेक्षा जास्त राहिल्या तरच जोडी मोजायची. मोबाइल आयपीसला लावून दहा सेकंदांचं चित्रण, मग थांबवून थांबवून मोजणी. हाताने मोबाइल धरला तर चित्र हलतं. आयपीसवर बसणारी पकड नसेल तर पुठ्ठ्याची नळी आणि रबरबँड पुरतं.

मापासाठी स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे मापाच्या रेघा कोरलेली काच, विकत घ्यायची गरज नाही. घरोघरी कापूस आहे. एक तंतू ताणून काचेवर ठेवा, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो आणि रुंदी बारा ते वीस मायक्रॉनच्या आसपास असते. नेमकं माप नव्हे, पण जिवाणू किती मोठा आणि गठ्ठा किती मोठा याचा अंदाज पक्का येतो. शिवाय तो तंतू स्वतःच एक अडथळा ठरतो, काड्या त्याची कड धरून लांबवर चालत जातात. हंगामात मात्र हेच तंतू हवेतून उडून नको तिथे बसतात. जिनिंगजवळच्या गावात दिवाळीनंतर काच पुसूनही दर स्लाइडवर एखादा सापडतोच.

खोट्या गठ्ठ्यांची ओळख नसेल तर महागडा मायक्रोस्कोपही कामाचा नाही. सर्वांत जास्त फसवतो तो हवेचा बुडबुडा. बॅसिलसला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो काही मिनिटांत कमी होतो आणि सगळी वरात बुडबुड्याच्या कडेला जमते. दाट पट्टा दिसतो, देखणा दिसतो, पण त्याचा गर्दीशी संबंध नाही. जेलीच्या कडेलाही तसंच. म्हणून बघायचं ते खोलीच्या मध्यावर, बुडबुड्यापासून निदान तीन मिलिमीटर दूर आणि पहिल्या दहा मिनिटांत. त्यानंतर पोहणं मंदावतं, मग थांबतं, आणि गठ्ठे वाढल्यासारखे वाटतात. दुसरी फसगत काचेची. पोहणारे कण भिंतीपाशी जास्त काळ राहतात, त्यामुळे फोकस तळाच्या काचेवर ठेवला की दाटी आणि मध्यावर नेला की विरळ. फाइन नॉबवर, म्हणजे फोकस बारीक जुळवायच्या बटणावर, खडूची खूण करून दर वेळी एकाच उंचीवर मोजा. तिसरी फसगत उन्हाची. खोली नीट बंद नसली की कड सुकते, पाणी कडेकडे ओढलं जातं आणि सगळं तिथे गोळा होतं. मार्च ते जून सकाळी आठच्या आत प्रयोग उरकणं शहाणपणाचं.

मासिकांतून नुसत्या स्वतःच्याच गर्दीने कण दोन भागांत वेगळे होतात असं वाचायला मिळतं: दाट जागी चाल मंदावते, मंदावल्याने आणखी दाटी होते. टायलर आणि केट्स या शास्त्रज्ञांनी २००८ साली हा विचार मांडला आणि तो खरा आहे, पण कडब्याच्या पाण्यात तो दिसेल ही अपेक्षा नको. एक तर इथली दाटी त्याला पुरत नाही. दुसरं, लांबट जिवाणू फार दाट झाले की गठ्ठ्याऐवजी भोवरे काढतात, कारण काडीला काडी समांतर लागते. गोल कणांवर ते नीट दिसतं. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये निळ्या उजेडात चालणाऱ्या, मायक्रॉनभराच्या कणांचे जिवंत स्फटिक बनवले गेले. उजेड बंद केला की ते विखुरतात, चालू केला की पुन्हा जुळतात. सगळेच कण चालते असायला हवेत असंही नाही. २०१५च्या एका संगणकी अभ्यासात शंभरात पंधरा कण चालते असले तरी सगळं मिश्रण दाट आणि विरळ असं फुटताना आढळलं. सोनं आणि प्लॅटिनमच्या दोन मायक्रॉनच्या सळ्या २००४ साली दोन-तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चालवल्या गेल्या. जखम धुवायचं पेरॉक्साइड गावातही मिळतं, सळ्या मिळत नाहीत, आणि नुसत्या पेरॉक्साइडने जिवाणू मरतात. तेव्हा तो नाद सोडा. पाचवीच्या मुलांना दाखवायला थाळीतल्या पाण्यावर कापराचे कण सोडा, तेही आपणहून धावतात. थाळीला किंवा बोटांना तेलाचा अंश असला की पहिल्याच सेकंदाला बंद पडतात. मायक्रोस्कोपचं ते काम नाही.

फोल्डस्कोपबद्दल हमखास विचारलं जातं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. कागदी, घडीचा, १४० पट मोठं दाखवणारा, साधारण दोन मायक्रॉनपर्यंत फरक कळणारा. म्हणजे कडब्यातली काडी त्याच्या मर्यादेवरच येते, हलणारा ठिपका दिसतो, जोडी आहे की एकटा ते कळत नाही. या कामाला तो नापास, आणि तो त्याचा दोष नव्हे, हे काम त्याचं नाहीच. त्याला भंडारा-गोंदियाकडच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, न्या, हिरवं पाणी भरा आणि युग्लीना बघा. पन्नास मायक्रॉनचा तो जीव मोकळ्या पाण्यात शेपटीने पोहतो, आणि इसबगोलच्या चिंचोळ्या फटीत सापडला की अंग फुगवत-आवळत सरपटतो. गर्दीने चालच बदलते, ती इतकी उघड की सातवीतलं पोरगंही सांगेल. फक्त त्यावर टॉर्च मारू नका. युग्लीना उजेडाकडे धावतो, आणि ती आणखी एक खोटी गर्दी. मोबाइलवर चिमट्याने लावायच्या लेन्ससाठी पैसे घालवू नका.

आता यंत्राच्या खोडी. सर्वांत सामान्य म्हणजे फोकस आपोआप खाली सरकणं. स्टेज वजनाने उतरते आणि दृश्य अर्ध्या मिनिटात धूसर होतं. बहुतेक मॉडेलमध्ये कोर्स नॉबच्या, म्हणजे फोकसच्या मोठ्या बटणाच्या, आतल्या बाजूला एक कडं असतं, ते किंचित आवळलं की थांबतं. कडं नसलेलं यंत्र घेऊच नका. दुसरी खोड ४०च्या लेन्सच्या टोकाची. ते स्प्रिंगवर आत दबणारं असावं, काचेला टेकलं तरी फुटत नाही. बोटाने हलकं दाबून बघा. तिसरी कव्हर स्लिपची. ४०ची लेन्स ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी बनलेली असते. सुट्या डब्यातल्या काचा कधी फार पातळ, कधी जाड, एकाच डब्यात दोन्ही. चित्र दुधाळ वाटलं तर लेन्स बदलायच्या आधी काच बदलून पाहा. लाईन जाण्याचा प्रश्न असेल तर एलईडीसोबत आरसा बसणारं मॉडेल किंवा चार्जिंगचं मॉडेल घ्या. आरसा आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवायचा, सूर्याकडे कधीच नाही, डोळा कायमचा जाईल. हॅलोजनचा जुना दिवा असेल तर त्याची उष्णता काचेपर्यंत येते आणि दहा मिनिटांत जिवाणू मलूल होतात. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर शेकून परत वापरा.

विकत घेताना दुकानातच एक परीक्षा करा. थेंबभर कच्चं दूध बरंच पाणी घालून काचेवर घ्या आणि ४०ची लेन्स लावा. चरबीचे गोल थेंब काही मायक्रॉनचे असतात. आयरिस मिटत नेताना त्यांची कड काळी, धारदार होत गेली पाहिजे. दृश्याच्या मध्यावर धारदार आणि चारी कडांना पुसट, एवढं चालतं. एकाच बाजूला पुसट असेल तर लेन्स तिरकी बसली आहे, परत करा. ४ वरून १० आणि १० वरून ४०वर जाताना फाइन नॉबच्या अर्ध्या फेऱ्यात फोकस यावा. मेकॅनिकल स्टेजचा स्क्रू दोन्ही दिशांना फिरवून काच लगेच हलते का बघा. पाव फेरा मोकळा जात असेल तर गठ्ठ्याचा पाठलाग करताना रोज शिव्या घालाल.

सुटे भाग कुठून येतील ते आधीच विचारा. हरियाणातल्या अंबाल्यात बनणारी बहुतेक यंत्रं ठरीव मापाच्या चुडीवर, म्हणजे आट्यांवर, लेन्स घेतात, त्यामुळे फुटलेली ४०ची लेन्स दुसऱ्या कंपनीचीही बसते. स्वतःचंच वेगळं माप असलेलं मॉडेल कितीही चकचकीत असलं तरी नको. प्रयोग संपल्यावर स्लाइड आणि उरलेलं पाणी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. नुसतं उकळून चालत नाही, बीजाणू उकळण्याला दाद देत नाहीत, हे कडबा उकळतानाच दिसलं होतं.